पिंजऱ्यासमोरचा अर्धा धडा



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची चाळीस मुलं घेऊन मी एका प्राणिसंग्रहालयात गेले होते. वाघाच्या खंदकासमोर एक तरुण माइक घेऊन उभा होता. मुलांना वाघाविषयी माहिती देणं हे त्याचं काम. बोलायचाही छान. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की आमची सगळ्यात दंगेखोर पोरंही गप्प झाली. मग त्याने विचारलं, "वाघाचा सगळ्यात मोठा शत्रू कोण?" कोणी सिंह म्हणालं, कोणी हत्ती, कोणी अजगर. तो हसून म्हणाला, "माणूस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात सहावीतली एक मुलगी उभी राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिकायला नातेवाइकांकडे आलेली. म्हणाली, "सर, माया मावशीले वाघानं नेलं. मोहफुलं वेचाले गेली होती."

तरुण क्षणभर थांबला. मग माइकवरच म्हणाला, "म्हणूनच जंगलात जायचं नसतं. जंगल हे वाघाचं घर आहे. आपल्या घरात कोणी घुसलं तर आपण काय करतो?" मुलं ओरडली, "मारतो!" पुन्हा टाळ्या.

ती मुलगी खाली बसली. तिने दुपारचा डबा उघडला नाही.

त्या तरुणावर माझा राग नाही. त्याला जे पाठ करून दिलं होतं ते त्याने म्हटलं. माझा राग त्या पाठावर आहे. समाजशास्त्रात 'छुपा अभ्यासक्रम' अशी एक संकल्पना आहे. पुस्तकात लिहिलेलं नसतं, पण शिकवताना आपोआप डोक्यात उतरतं, ते म्हणजे छुपा अभ्यासक्रम. त्या दिवशी आमच्या चाळीस मुलांनी पट्टे, पंजे, मिशा यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकून घेतली. वाघ निष्पाप आहे आणि मोहफुलं वेचायला गेलेली बाई घुसखोर आहे. तिच्या मरणावर टाळ्या वाजवता येतात.

प्राणिसंग्रहालयात वाघ शिकवला जातो तेव्हा त्यातून माणूस गाळला जातो. तो परत घातल्याशिवाय तो धडा खोटा आहे. आणि तो परत घालायला लावणं हे आपल्या चळवळीचं काम आहे.

कोणी म्हणेल, माणूस कुठे गाळला? 'माणूस हा शत्रू' असं स्पष्ट सांगितलं की! पण कोणता माणूस? हाच प्रश्न आपल्याला बाबासाहेबांनी विचारायला शिकवला आहे. 'हिंदू समाज', 'गाव', 'राष्ट्र' असे गोल शब्द कोणी वापरले की त्यांनी लगेच विचारलं, यात कोण वर आणि कोण खाली? मग 'माणूस' या गोल शब्दाला आपण का सोडायचं?

वाघ कोणी संपवले ते बघा. पंचम जॉर्ज १९११ साली भारतात दरबाराला आला आणि नंतर नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. दहा दिवसांत त्याच्या लवाजम्याने ३९ वाघ मारले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर तर अकराशेहून जास्त वाघांची शिकार सांगितली जाते. इंग्रज सरकार वाघ मारणाऱ्याला बक्षीस देत होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून काढलेले ते फोटो आजही वाड्यांच्या आणि क्लबांच्या भिंतींवर लटकलेले आहेत. त्या फोटोत साहेब दिसतो, राजा दिसतो, बंदूक दिसते. ढोल बडवत, जीव मुठीत धरून वाघाला झाडीतून उठवणारे हाकारे दिसत नाहीत. हे हाकारे कोण असायचे? आजूबाजूच्या गावांतले गरीब. साहेबाने किंवा संस्थानिकाने बोलावलं की त्यांना जावंच लागायचं. वेठबिगार म्हणजे काय हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी महारवतनात भोगलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे मजा मारली राजांनी आणि साहेबांनी, हाका घातला गावकऱ्यांनी, आणि पिंजऱ्यासमोर उभं राहून शत्रू म्हणून नाव कोणाचं घ्यायचं? 'माणसाचं.' राजाचा गुन्हा सगळ्यांवर सारखा वाटून टाकायचा आणि राजाला मोकळं सोडायचं, ही या देशातली जुनी युक्ती आहे.

आता आजचं बघू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३६८२. महाराष्ट्रात याच काळात १०३ वरून ४४४. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि मी ती आनंदानेच लिहिते आहे. पण हा आनंद कोणाच्या जिवावर उभा आहे?

वाघीण पिल्लांना साधारण दोन वर्षं सांभाळते. मग त्यांना स्वतःचा इलाखा शोधावा लागतो. ताडोब्यासारख्या जंगलात जागा भरली की तरुण वाघ बाहेर पडतात. बाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत जंगल, धानाची शेतं आणि गावं एकमेकांत गुंतलेली आहेत. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे. खाणीने जंगल तोडलं, रस्त्याने ते कापलं, आणि उरलेल्या तुकड्यात वाघ आणि गरीब माणूस समोरासमोर आले.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, ती पहाटेच वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडावा लागतो. वाघाच्याही हालचालीची वेळ पहाट आणि संध्याकाळचीच. पत्ता तोडणारी, फुलं वेचणारी बाई वाकलेली असते. वाघ माणसाला सहसा टाळतो, पण झुडपाआड वाकलेली आकृती त्याला सावजासारखी वाटू शकते. ही साधी, जीव वाचवणारी माहिती आहे. प्राणिसंग्रहालयातल्या किती फलकांवर ती लिहिलेली तुम्ही वाचली आहे? मी पाहिलेल्या फलकांवर वाघाचं वजन असतं, लांबी असते, शास्त्रीय नाव असतं. तेंदूपत्ता हा शब्द नसतो.

१० मे २०२५. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. दोन दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. आपण सगळ्यांनी पांढरे कपडे घातले, खीर वाटली, करुणेवर भाषणं केली. किती विहारांत त्या तिघींना आदरांजली वाहिली गेली? मी स्वतःलाही विचारते. आमच्या विहारात नाही वाहिली.

तेंदूपत्त्याला जातं कोण? त्या भागातल्या कोणत्याही गावात जाऊन बघा. गोंड, माना, ढिवर, बौद्ध, एक-दोन एकरवाले कुणबी. ज्याच्या घरात पगार येतो, ज्याची शेती ओलिताची आहे, तो पहाटे चारला जंगलात जात नाही. वाघ जात बघून हल्ला करत नाही, हे खरं. पण वाघासमोर कोणाला उभं राहावं लागतं, हे जात आणि जमीन मिळूनच ठरवतात.

म्हणून 'जंगल वाघाचं घर आहे, तिथे जायचं नसतं' हे वाक्य मला सहन होत नाही. तिथे जायचं नसतं, तर मग सकाळी सहाला ताडोब्याच्या दारावर जिप्सींची रांग कोणाची असते? काही हजार रुपये भरले की तेच जंगल पर्यटनस्थळ होतं आणि टोपली घेऊन गेलं की तेच घुसखोरी होते? कॅमेरा घेऊन गेलेला निसर्गप्रेमी आणि विळा घेऊन गेलेली गुन्हेगार? ज्या ताडोब्यासाठी देशभरातून लोक येतात, त्याचं नाव तरी कुठून आलं? वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गोंड पुढाऱ्यावरून, अशी तिथली लोककथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. वाघाशी लढून मेलेल्या माणसाला तिथल्या लोकांनी देव केलं आणि वाघालाही वाघोबा म्हणून पुजलं. दोघांना एकाच जंगलात जागा दिली. आपण बौद्ध आहोत, देव-ठाणं मानत नाही. पण त्या कथेत जे शहाणपण आहे ते माइकवरच्या धड्यात नाही.

ते 'घर' रिकामं कसं झालं तेही सांगा की मुलांना! ताडोब्याच्या आतली जामणी, नवेगाव, बोटेझरी ही गावं उठवली गेली. वनहक्क कायदा २००६ चा. ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी हा कायदा आणत आहोत, असं सरकारनेच त्यात लिहून दिलं. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यातही दुरुस्ती झाली आणि गावांचं पुनर्वसन लोकांच्या संमतीने आणि त्यांचे हक्क मान्य करूनच करावं, असं त्यात आलं. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात किती गावांना आधी हक्काचा कागद मिळाला आणि मग संमती विचारली गेली, हे उठून आलेल्या लोकांना विचारा. आणि लोक जंगल राखत नाहीत हे म्हणणाऱ्याला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला पाठवा. २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा बसते, निर्णय घेते, जंगल राखते. हा धडा वाघाच्या पिंजऱ्यासमोर का नको?

आता पिंजऱ्यातल्या वाघाबद्दल. विदर्भात माणसं मारणारे म्हणून जेरबंद केलेले वाघ नागपूरच्या गोरेवाड्याला आणले जातात. राजुऱ्याकडचा आरटी-१ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत १३ माणसांचा जीव घेतल्याचं सांगितलं गेलेला सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला. म्हणजे बंदिस्त वाघाच्या मागे एक पूर्ण गोष्ट असते: तुटलेलं जंगल, मेलेली माणसं, घाबरलेली गावं, पकडणारे वनरक्षक, आणि जन्मठेप भोगणारं जनावर. यापेक्षा मोठा धडा कोणता? ती गोष्ट गाळली की मुलांसमोर उरतो एक सुंदर पट्टेरी प्राणी आणि सेल्फी. गोरेवाड्याच्या उद्यानाचं २०२१ मध्ये नामकरण झालं तेव्हा 'गोंडवाना' हे नाव द्या अशी आदिवासी संघटनांची मागणी होती. तेही मानलं गेलं नाही. ज्यांचं जंगल, त्यांचं नाव पाटीवरसुद्धा नको.

२ नोव्हेंबर २०१८ आठवतो? यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघिणीला, अवनीला, गोळी घातली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला जशी मारली त्यावर प्रश्न होते आणि ते विचारायलाच हवे होते. पण शहरांत मेणबत्त्या पेटल्या त्या अवनीसाठी. तिचं नाव आजही लोकांना पाठ आहे. त्या १३ जणांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे? वाघिणीला नाव मिळालं, माणसांना आकडा मिळाला.

माणूस गाळणारा हा धडा वाघाबद्दल तरी खरं सांगतो का? तेही नाही. पांढऱ्या वाघाचंच घ्या. गर्दी सगळ्यात जास्त त्याच्यासमोर. 'दुर्मिळ', 'राजेशाही' असे शब्द. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. एका दुर्मिळ जनुकामुळे आलेला तो रंग आहे. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. रंग टिकवण्यासाठी पुढे त्याचा त्याच्याच मुलीशी, राधाशी, संकर केला. पांढरी पिल्लं झाली. मग नात्यातल्या नात्यात हेच चालू राहिलं. परिणाम काय? तिरळे डोळे, व्यंगं, दुबळी पिल्लं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना हे प्रजनन बंद करायला सांगितलं. जंगलातला वाघ वाचवण्यात पांढऱ्या वाघाचा काही उपयोग नाही.

रंग शुद्ध ठेवण्यासाठी आपसांतच लग्नं लावायची आणि त्याला राजेशाही म्हणायचं, हे ऐकल्यावर तुम्हाला काही आठवलं का? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावाने निबंध वाचला आणि सांगितलं की जातीबाहेर लग्नाला बंदी हाच जातीचा गाभा आहे. वाघाचा रंग हे जनुकाचं काम आहे, जात ही माणसाने रचलेली व्यवस्था आहे, हा फरक मला कळतो. पण 'शुद्धते'चं वेड दोन्हीकडे एकच आहे. पांढऱ्या वाघासमोर वस्तीतल्या मुलांना जातीच्या बंदिस्तीबद्दल सांगा. पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांपेक्षा जास्त लक्षात राहील.

आता दोन आक्षेप. पहिला बाहेरचा: तुम्ही वाघाच्या विरोधात आहात. अजिबात नाही. आपलं पहिलं शीलच प्राणिमात्राची हिंसा न करण्याचं आहे. संविधानाच्या ५१क कलमात वन्यजीवांचं रक्षण आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. प्राणिसंग्रहालयात वाघाला दगड मारणं, डिवचणं, खायला टाकणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि आमच्या मुलांना मी तो पहिल्यांदा सांगते. पण बुद्धाची करुणा निवडक नव्हती. जी करुणा वाघापाशी सुरू होते आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईपाशी संपते, ती करुणा नाही, ती आवड आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच, आणि तो जास्त गंभीर आहे. कार्यकर्ते म्हणतात, "ताई, इथे अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडल्या आहेत, आणि तुम्ही वाघ घेऊन बसलात? वाघ हा अभिजनांचा छंद." मी उलट विचारते, तो छंद त्यांच्या हातात सोडला कोणी? ताडोब्याच्या जंगलातून आलेलं पाणी इरई धरणात साठतं आणि ते चंद्रपूर शहर पितं. जंगल गेलं तर आधी कोणाचा हंडा रिकामा होणार? मेलेल्या माणसाच्या घरच्यांना सरकारची मदत मिळते, ती आता २५ लाखांपर्यंत गेली आहे. पण ती मागताना पंचनाम्यासाठी, कागदांसाठी धावपळ करणारी विधवा कोणाच्या घरची असते? हा आपला प्रश्न नाही म्हणणं म्हणजे आपल्याच माणसांना 'घुसखोर' ठरवू देणं.

आणि प्राणिसंग्रहालयात जातं कोण? जिप्सी ज्यांना परवडते ते ताडोब्याला जातात. सुट्टीच्या दिवशी डबे बांधून, लेकरं कडेवर घेऊन, बसने प्राणिसंग्रहालयात येतात ते आपले लोक. चैत्यभूमीला आलेली कितीतरी कुटुंबं मुंबई बघताना मुलांना राणीच्या बागेतही नेतात. माझ्या आजीने मला पहिला वाघ तिथेच दाखवला. म्हणजे वाघाबद्दलची सगळ्यात मोठी शाळा आपल्याच लोकांनी भरलेली आहे, आणि तिथला धडा आपल्याच विरुद्ध आहे. खंदक धुणारे, मांस तोडणारे, कचरा उचलणारे हातही बहुतेक आपलेच असतात. त्यांचंही नाव फलकावर नसतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वाघाच्या फलकावर वाघ कोणी मारले हा इतिहास राजे-साहेबांसह लिहा. वाघासोबत राहणाऱ्या गावांची माहिती लिहा. हल्ल्यात गेलेल्यांची, कुटुंबांची संमती घेऊन, नावं लावा. जेरबंद वाघाची खरी गोष्ट सांगा. पांढऱ्या वाघासमोर संकराचं सत्य लिहा. माइक हातात द्यायचा तर ब्रह्मपुरी-ताडोबा भागातल्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलांत काम करणाऱ्या पोरांना बोलवा. गावात वाघ आला की जमाव आवरायला तेच पुढे होतात. वाघ आणि माणूस दोघांना जिवंत ठेवणं काय असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? आणि त्यांना त्याचं मानधन द्या.

ही निवेदनं देण्यासाठी मोठी संघटना लागत नाही. तुमच्या शहरात प्राणिसंग्रहालय असेल तर पाच जण जा, फलक वाचा, काय नाही ते वहीत लिहा, महापालिकेला किंवा वनविभागाला लेखी द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच. आणि उत्तर येईपर्यंत थांबू नका. आपल्या मुलांना आपणच सांगू शकतो.

आम्ही ठरवलं आहे. पुढच्या सहलीत वाघासमोर माइकवाल्याचं झालं की आमची मुलं गोल करून बसतील आणि उरलेला अर्धा धडा आमचा आम्ही घेऊ. त्या मुलीला मी विचारलं, बोलशील का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशीचं नाव सांगू का?"

सांग, बाई. सगळ्यात आधी तेच सांग.

जय भीम! नमो बुद्धाय!